पीकविम्याची सक्ती : लाभ व हानि

पीकविमा सक्तीचा असावा कीं ऐच्छिक, हा वाद शेतकरीवर्गांत पुष्कळ चालतो. सन १९८५, १९९९ व २०१६ या तिन्ही सालच्या सरकारी योजनांत पीककर्ज घेणारास तो सक्तीचाच होता. सक्ती उठली ती २०२० च्या खरिपापासून.

सक्तीचा लाभ उघड आहे. विमा ऐच्छिक ठेविला म्हणजे ज्याच्या शिवारास पाऊस वारंवार दगा देतो तोच हप्ता भरतो, व निर्धास्त इसम बाजूस राहतो. मग जमा थोडी व देणें फार होऊन दर चढतो. दर चढला कीं आणखी लोक गळतात. सर्वांस एका पंक्तीस बसविल्यानें हें टळतें.

परंतु बसविलेल्या प्रत्येकाच्या पानावर अन्न पडतें काय, हेंही पाहिलें पाहिजे. आपल्याकडे भरपाई बहुशः महसूल मंडळाच्या सरासरीवरून ठरते. मागील सात वर्षांपैकीं उत्तम पांच वर्षांची सरासरी घेऊन, तिला जोखीमस्तर लावून, उंबरठा उत्पन्न काढतात. समजा, तें हेक्टरीं १० क्विंटल व विमा रक्कम ५०,००० रुपये आहे. पीककापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी ६ क्विंटल आली, तर तूट दहांत चार. सबब हेक्टरीं २०,००० रुपये. ज्यास दोन क्विंटल झाले त्यासही तेवढेच, दहा झाले त्यासही तेवढेच. उलट मंडळाची सरासरी दहा भरली आणि तुमच्याच शेतांत दाणा धरला नाहीं, तर या हिशेबानें छदामही मिळत नाहीं. खरिपाच्या शेंकडा दोन दरानें भरलेले १,००० रुपये मात्र गेले. शेतोशेत पंचनामे करणें खर्चाचें व लबाडीस वाव देणारें, म्हणून या रीतीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. (पैसेवारी ५० पैशांच्या आंत आली म्हणजे विमा लागला, असें समजून पुष्कळजण आमच्या कचेरींत येत, पण तीं दोन खातीं निराळीं आहेत.)

दुसरी हानि बँकेच्या मेजावर होई. हप्ता कर्जांतून परस्पर कापल्यामुळें कित्येकांस आपला विमा उतरला आहे हेंच ठाऊक नसे. शेतांत सोयाबीन व कागदावर तूर असल्यास दाद कोठें मागावी ?

महाराष्ट्रांत २०२३ पासून एका रुपयांत विमा मिळूं लागला, तेव्हां सक्तीवांचूनही अर्जांचा पूर लोटला. मात्र सरकारी जमिनींवर विमा उतरविल्याचीं प्रकरणेंही निघालीं, व २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली.

२०१६ च्या योजनेंत मुख्य पिकांस गांव किंवा ग्रामपंचायत हें एकक धरावें असें म्हटलें आहे. तें प्रत्यक्षांत येईपावेतों सक्ती पुन्हा आणूं नये, असें आमचें मत आहे.

कर्जदारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, विमा नको असल्यास अंतिम तारखेच्या निदान सात दिवस आधीं बँकेंत तसें लेखी द्यावें लागतें. न दिल्यास हप्ता कापला जातो. विमा हवा असल्यास पावतीवरील पीक, गट क्रमांक व क्षेत्र हीं सात-बाराशीं स्वतः ताडून पाहावीं, व फरक आढळल्यास मुदतीच्या आंतच दुरुस्त करून घ्यावीं.