३१-० ने हरलेल्या संघाची गोष्ट (इयत्ता ४ थी ते ७ वी, भूगोल + गणित + गप्पा)



जानेवारीत आमच्या केंद्राच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. कबड्डीत आमची मुलं ५२-११ अशी हरली. परत येताना टेम्पोत कोणीच बोललं नाही. खरं सांगते, मीही बोलले नाही, आणि तिथेच माझं चुकलं. मुलांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ ‘बाई चिडल्या’ असा घेतला. दुसऱ्या दिवशी आमचा कप्तान शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

‘हार-जीत होतच असते, सहभाग महत्त्वाचा’ हे वाक्य मी आजवर शंभरदा तरी म्हटलं असेल. मुलं ते ऐकून घेतात आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसतात. म्हणून यावेळी ते वाक्य बाजूला ठेवलं आणि एक खरी गोष्ट सांगायचं ठरवलं. तीन तासिका गेल्या, पण त्यात नकाशा आला, भागाकार आला, आंतरराष्ट्रीय वाररेषा आली. तुमच्याही वर्गात चालेल असं वाटलं म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

गोष्ट आहे अमेरिकन सामोआच्या फुटबॉल संघाची.

आधी पृथ्वीगोल हातात घ्या. पॅसिफिक महासागरात, न्यूझीलंड आणि हवाई यांच्या साधारण मध्ये सामोआ बेटं सापडतात. आमच्या शाळेतल्या गोलावर तिथे फक्त दोन ठिपके आहेत, आणि त्यातला एक ठिपका आहे की माशीने केलेली घाण यावर बरीच चर्चा झाली. १८९९ च्या करारात मोठ्या सत्तांनी ही बेटं आपसात वाटून घेतली. पश्चिमेकडची जर्मनीकडे गेली, मग न्यूझीलंडकडे, आणि १९६२ मध्ये स्वतंत्र झाली. तो आजचा सामोआ देश. पूर्वेकडची अमेरिकेकडे गेली ती आजही अमेरिकेकडेच आहेत. तिथलं बंदर अमेरिकी आरमाराला हवं होतं. बंदराचं नाव पागो पागो, पण म्हणायचं ‘पांगो पांगो’. सामोअन भाषेत ‘ग’ लिहितात तिथे नाकातला ‘ङ’ उच्चारतात. मुलांना ‘वाङ्मय’मधला ङ अखेर उपयोगी पडला!

सगळी बेटं मिळून क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस किलोमीटर, आणि लोकवस्ती ५० हजारांच्या आसपास. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिने या प्रदेशाला १९९८ मध्ये वेगळा सदस्य करून घेतलं, त्यामुळे वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यांत हा संघ स्वतःच्या नावाने उतरतो. देश नाही, पण संघ आहे. हा मुद्दा मोठ्या मुलांपुढे जरूर मांडा, चांगले प्रश्न येतात.

आणखी एक गोष्ट. त्या बेटांवर मुलांचा आवडता खेळ हा फुटबॉल नाहीच. अमेरिकेच्या ताब्यात असल्यामुळे तिथे अमेरिकन फुटबॉल चालतो, तो हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा. शेजारच्या सामोआत रग्बी. म्हणजे चांगली दणकट मुलं आधी तिकडे जाणार, उरलेली इकडे येणार.

आता तारीख. ११ एप्रिल २००१. (आपल्याकडे ही महात्मा फुले जयंती, त्यामुळे मुलांच्या पटकन लक्षात राहते.) ठिकाण ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर. सामना ऑस्ट्रेलिया विरुद्ध अमेरिकन सामोआ. पहिली नऊ मिनिटं एकही गोल झाला नाही. दहाव्या मिनिटाला पहिला झाला आणि मग थांबलेच नाहीत. मध्यंतराला १६-०. सामना संपला तेव्हा ३१-०.

इथे मी थांबले. वर्ग हसला, अगदी मनापासून हसला. कप्तान तोवर शाळेत यायला लागला होता, तोही हसला. हसू द्यावं.

मग गणित. ९० मिनिटांत ३१ गोल, तर सरासरी किती मिनिटांनी एक? जवळजवळ दर तीन मिनिटांना एक. उत्तरार्धात किती? १५, म्हणजे पूर्वार्धापेक्षा एक कमी. आर्ची थॉम्पसनने एकट्याने १३ केले, डेव्हिड झड्रिलिकने ८. बाकीच्यांनी मिळून किती? आणि सगळ्यात गंमत ही, की मैदानावरच्या धावफलकावर ३२-० लागलं होतं. लावणाऱ्याचाच हिशेब चुकला. पंचांच्या नोंदीप्रमाणे ३१ ठरले. “बाई, मोठी माणसंही हातचा विसरतात?” असं एका मुलीने विचारलं. हो, विसरतात.

त्या एका आठवड्यात अमेरिकन सामोआने चार सामने खेळले. फिजीकडून १३-०, सामोआकडून ८-०, ऑस्ट्रेलियाकडून ३१-० आणि शेवटी टोंगाकडून ५-०. खाल्लेले गोल एकूण ५७, केलेला एकही नाही. बेरीज फळ्यावर करून घ्या. ती करताना वर्गातलं हसू आपोआप कमी होतं, हा माझा अनुभव. “३१ गोल खाल्ल्यावर परत खेळायला गेले?” असं आमच्या कप्तानाने विचारलं. गेले. आणि त्या सामन्यात ५ खाल्ले.

आता खरा पाठ. मी फळ्यावर ३१-० लिहिलं आणि शेजारी प्रश्न लिहिला, ‘मैदानात कोण होतं?’

झालं असं होतं. अमेरिकन सामोआने २० जणांचा संघ निवडला होता. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूकडे अमेरिकेचा पासपोर्ट हवा. या बेटांवर शेजारच्या सामोआतून येऊन राहिलेले लोक बरेच आहेत. कागद तपासले तेव्हा निवडलेल्या संघातला एकच जण पात्र ठरला. एकच! तो म्हणजे गोलरक्षक निकी सालापू, वय वर्षं २०. मग वीस वर्षांखालच्या संघातली मुलं घ्यावीत असं ठरलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांची शाळेची परीक्षा आली होती. (“परीक्षेने वाचवलं त्यांना!” मागच्या बाकावरून.) शेवटी मिळतील ती पोरं गोळा केली. सरासरी वय १८ च्या आसपास. तिघं तर १५ वर्षांचे, म्हणजे आपल्या नववी-दहावीतले. काही जण आयुष्यात कधी पूर्ण ९० मिनिटांचा सामना खेळले नव्हते.

समोर ऑस्ट्रेलिया. त्यांनीही युरोपात खेळणारे आपले बरेचसे मोठे खेळाडू आणले नव्हते, तरी बाकीचे पगारी खेळाडूच होते. दोनच दिवस आधी त्यांनी टोंगाला २२-० ने हरवून विक्रम केला होता. या निकालांवर इतकी टीका झाली की पुढे लहान संघांची आधी आपसात वेगळी फेरी घ्यायला लागले. आणि २००६ पासून ऑस्ट्रेलिया तो विभाग सोडून आशिया विभागात खेळायला लागला.

हे सांगून झाल्यावर वर्गात कोणी हसलं नाही. आमच्या कप्तानाने हळूच विचारलं, “मग तो गोलकीपर काय करायला?”

त्या प्रश्नासाठीच ही गोष्ट सांगायची असते. निकी सालापू पुढे अमेरिकेत सिॲटल भागात राहायला गेला. पण जगात जिथे जाईल तिथे त्याची ओळख ‘३१ गोल खाल्लेला’ अशीच. त्याच्यावर पुढे निघालेल्या माहितीपटात तो सांगतो की व्हिडिओ गेममध्ये तो एकीकडे अमेरिकन सामोआ लावायचा आणि दुसरीकडे ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने खेळायला कोणीच नाही! मग हा एकटाच गोल करत बसायचा. आमच्या मुलांना हे इतकं पटलं की काय सांगू. घरी भिंतीशी कबड्डी खेळणारे आमच्याकडेही आहेत म्हणे.

मधली दहा वर्षं मी भरभर सांगते, कारण तिथे पराभवाशिवाय काही नाही. अधिकृत सामन्यांत सलग ३० पराभव. जागतिक क्रमवारीत सगळ्यात खाली. २००९ च्या सप्टेंबरात तिथे त्सुनामी आली, गावं वाहून गेली, माणसं गेली. फुटबॉलचं कोणाला काय पडलेलं असणार.

२०११ च्या शेवटी थॉमस रॉन्गेन नावाचे डच प्रशिक्षक आले. हातात होते जेमतेम तीन आठवडे. सालापूला परत बोलावलं, तिशी ओलांडलेला गोलरक्षक. बचावात उभी राहिली जैया सालुआ. जैया ही तिथल्या समाजात ‘फाअफाफिने’ म्हणून ओळखली जाते, म्हणजे जन्माने मुलगा, पण वागणं-राहणं स्त्रीसारखं. तिकडे याला फार पूर्वीपासून समाजात जागा आहे. वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यात खेळलेली ती पहिली ट्रान्सजेंडर खेळाडू. हा भाग गाळावा का, असं मला एका सहकारी बाईंनी विचारलं. मी गाळला नाही. मुलांनी एकच प्रश्न विचारला, “ती चांगली खेळते का?” पालकांना मात्र आधी सांगून ठेवलेलं बरं.

२२ नोव्हेंबर २०११, आपिया, सामोआ. समोर टोंगा. तोच टोंगा, ज्याच्याकडून त्या आठवड्यात शेवटी ५-० खाल्ले होते. मध्यंतराच्या जरा आधी रामिन ऑटने लांबून मारलेला चेंडू गोलात गेला. ७४ व्या मिनिटाला शालोम लुआनीने दुसरा केला. शेवटची दोन मिनिटं उरली असताना टोंगाने एक फेडला. २-१. मग शिट्टी वाजली. फिफाचे सदस्य झाल्यापासूनचा हा त्यांचा पहिला विजय, आणि गोलात सालापू.

आमच्या वर्गात टाळ्या पडल्या. शेजारच्या वर्गातले सर बघायला आले, काय झालं म्हणून.

पण गोष्ट इथे संपवू नका. पुढच्या सामन्यात कुक आयलंड्सशी १-१ बरोबरी झाली. तिसरा सामना यजमान सामोआशी. जो जिंकेल तो पुढच्या फेरीत. जवळजवळ शेवटपर्यंत ०-०, आणि मग सामोआचा गोल. हरले, घरी गेले. २०१५ मध्ये टोंगात झालेल्या फेरीत दोन सामने जिंकले, टोंगाला पुन्हा २-१ आणि कुक आयलंड्सला २-०. सामोआशी ३-२ ने हरले. तिघांचे गुण सारखेच, ६-६-६. गोलांच्या फरकात सामोआ +३ आणि हे +२. एका गोलाने राहिले. इथे वजाबाकीचं उदाहरण घ्या, मुलं स्वतःहून करतात.

जोडीला वाररेषेचा खेळ. २०११ पर्यंत सामोआ आणि अमेरिकन सामोआ या दोन्हीकडे एकच तारीख असायची. सामोआने व्यापारासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडबरोबर राहायचं ठरवलं आणि ३० डिसेंबर २०११ हा दिवस कॅलेंडरमधून उडवलाच. २९ नंतर थेट ३१. आता दोन्ही बेटांत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, घड्याळात वाजलेले सारखेच, पण तारीख एक दिवस मागेपुढे. “३० तारखेला ज्याचा वाढदिवस, त्याचं काय?” हा प्रश्न तुमच्याही वर्गात नक्की येणार. तयारीत राहा.

‘नेक्स्ट गोल विन्स’ नावाचा माहितीपट २०१४ मध्ये आला, त्याच नावाचा चित्रपट २०२३ मध्ये. दाखवायचा असेल तर आधी स्वतः बघा. प्रशिक्षकांच्या तोंडी शिव्या बऱ्याच आहेत, आणि चित्रपटात गोष्ट सोयीप्रमाणे वळवली आहे. गोष्ट तोंडी सांगणं मला जास्त आवडतं.

शेवटच्या तासिकेला मी फळ्यावर ५२-११ लिहिलं. वर्ग एकदम गप्प. खाली तोच प्रश्न लिहिला, ‘मैदानात कोण होतं?’ थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एकेक नाव यायला लागलं. आमच्या संघातली चार पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आहेत, दिवाळीनंतर लगेच. त्यातला एक आमचा सगळ्यात चांगला चढाई करणारा. त्यांच्या जागी मी चौथीतली मुलं उतरवली होती. हे मला माहीत होतं. हजेरीपटावर रोज मीच त्यांच्या नावापुढे खूण करते. तरी टेम्पोत बसून मी आकडाच मोजत होते.

कप्तानाने खडू मागितला. ५२-११ च्या खाली त्याने ती चार नावं लिहिली, आणि त्यांच्या खाली चौथीतल्या चौघांची. फळ्याचा तेवढा कोपरा मुलांनी चौकट आखून राखून ठेवला आहे. वरची चार नावं ती पोरं पाडव्याला गावी परतली की त्यांनी स्वतः पुसायची, असं ठरलंय. चौथीतल्यांची पुसायची नाहीत म्हणे.