सतरावं वर्ष आणि ४६० घोडे

माझ्याकडे मस्टँग आहे हे कळलं की लोक आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात. तो बिचारा जुनी होंडा सिव्हिक चालवतो आणि त्यातच सुखी आहे. मस्टँग माझी. २०१९ची जीटी, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ४६० अश्वशक्ती, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांना. न्यू जर्सीत अर्धी हयात नोकरी केल्यावर पन्नाशीला मी स्वतःला दिलेली भेट. मुलगा सतरा वर्षांचा झाला, हातात लायसन आलं, तेव्हा त्याची नजर कुठल्या किल्लीवर जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

‘देऊच नकोस’ हा सल्ला मला सगळ्यांनी दिला आणि बहुतेक घरांसाठी तोच योग्य आहे. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी इथली रस्ता-सुरक्षा संशोधन संस्था, आयआयएचएस, पालकांना हेच सांगते: नवशिक्याला जास्त अश्वशक्तीची गाडी नको. सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकांमध्ये मैलामागे जीवघेण्या अपघातांचं प्रमाण विशी ओलांडलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट असतं. पण ज्या घरात अशी गाडी गॅरेजमध्ये उभीच आहे, तिथे नुसत्या नकारावर विसंबता येत नाही. आपण कधीतरी गावाला जातो, आणि किल्ली कुठल्या खणात असते हे पोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मित्रांना घेऊन रात्री चोरून चालवण्यापेक्षा दिवसाउजेडी माझ्याशेजारी बसून शिकलेलं बरं, असा मी हिशेब केला. पुढचं सगळं अशा घरांसाठी.

नोव्हेंबरातली सकाळ होती. रात्री पाऊस पडून गेलेला, रस्त्याच्या कडेला ओल्या पानांचा थर. तो चालवत होता, मी शेजारी. रूट २२ वर चढणारा, उजवीकडे वळत जाणारा रॅम्प. हायवेवरून ट्रक येताना दिसला आणि त्याच्या आधी मर्ज व्हावं म्हणून त्यानं वळणातच ॲक्सिलरेटर दाबला. फार नाही, सिव्हिकमध्ये दाबायचा तेवढाच. दहा गिअरच्या ऑटोमॅटिकनं क्षणात दोन-तीन गिअर खाली घेतले, इंजिन गरजलं आणि गाडीची पाठ डावीकडे निसटली. डॅशबोर्डवरचा घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा फडफडायला लागला. घाबरून त्यानं पाय पूर्ण उचलला. टायरांनी पुन्हा पकड घेतली ती अशी, की पाठ झटक्यानं उलट्या बाजूला फिरली आणि मागचं उजवं चाक कर्बवर आदळलं. रिम वाकली, टायर फाटला. आम्ही दोघं धडधाकट. ट्रक केव्हाच निघून गेला होता.

‘आई, मी काहीच केलं नाही गं,’ तो म्हणाला.

खरंच होतं ते. वेडेपणा काहीच केला नव्हता. सिव्हिकमध्ये मुरलेली सवय त्यानं तशीच्या तशी वापरली, इतकंच. म्हणून मी पालकांना सांगते की पोरगा हायवेवर शंभरनं पळवेल या भीतीत सगळी शक्ती घालवू नका. तो धोका आहेच, पण त्याच्याकडे तुमचं लक्ष असतंच. न दिसणारा धोका रॅम्पवर, डावीकडे वळायच्या सिग्नलवर, पाऊस पडून गेलेल्या चौकात बसलेला असतो, आणि तिथे वेग पंचवीस-तीस मैलांचा असतो.

सिव्हिकची ताकद पुढच्या चाकांना. वळणात जास्त जोर दिला तर तोंड बाहेरच्या बाजूला सरकतं. पाय उचलला की बहुतेक वेळा गाडी आपोआप ताळ्यावर येते. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत जोर दिला की पाठ निसटते, आणि घाबरून पाय उचलला की वजन पुढे जातं, पाठ आणखी हलकी होते. म्हणजे एका गाडीत जी सहजप्रवृत्ती वाचवते, तीच दुसरीत फिरवून टाकते. हे पुस्तकात वाचून पायाला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सांभाळून घेईल, असं गाडी विकणारे सांगतात. ते बरंच सांभाळतंही. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे. पण ते असलेली पकड चाकांमध्ये वाटून देतं, नसलेली कुठून आणणार? माझ्या गाडीचे टायर उन्हाळी होते. पारा साधारण सात अंश सेल्सियसखाली गेला की त्यांचं रबर कडक होतं. त्यात ओली पानं.

टायरांचं थोडं आणखी सांगते, कारण हौसेच्या गाड्या उभ्या जास्त राहतात आणि टायरांच्या खाचा खोल दिसतात म्हणून टायर चांगले समजले जातात. अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्श कॅरेरा जीटीत २०१३च्या नोव्हेंबरात गेला, तिचे टायर नऊ वर्षांहून जुने असल्याचं तपासात निघालं. वेग बेफाम होताच. पण गाडी चालवणारा अनुभवी होता हेही विसरू नये. टायरच्या बाजूवर डीओटी असं लिहिलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५१७ म्हणजे २०१७चा पस्तिसावा आठवडा. किल्ली देण्याआधी हे वाचन पोराकडूनच करून घ्या, गुडघ्यावर बसवून.

रिम दुरुस्त झाल्यावर त्याला स्ट्रीट सर्व्हायव्हलच्या वर्गाला नेलं. किशोरवयीन चालकांसाठी दिवसभराचा कार्यक्रम असतो, मोठ्या पार्किंग लॉटमध्ये, आणि मुलं आपापल्या घरची गाडीच चालवतात. ओल्या डांबरावर जोरात ब्रेक मारायला सांगितलं. एबीएस चालू झालं, पायाखाली पेडल थरथरलं, आणि त्यानं ब्रेक सोडून दिला. काहीतरी मोडलं असं त्याला वाटलं! शेजारच्या प्रशिक्षकानं शांतपणे सांगितलं, थरथरलं की आणखी दाब. हा धडा भर रस्त्यात मिळाला असता तर? नंतर मुलांना एका मोठ्या ट्रकच्या सीटवर बसवून आरशात बघायला लावलं. आजूबाजूला उभ्या केलेल्या गाड्या आरशातून गायब. रूट २२ च्या रॅम्पवरचा ट्रक त्याला त्या दिवशी कळला, माझ्या बोलण्यातून कळला नव्हता.

घरात नियम मी आई म्हणून कमी घातले, गाडीला जास्त घालू दिले. फोर्डच्या या गाडीत मायकी नावाची सोय आहे. दोन किल्ल्यांपैकी एक मुलाची म्हणून नोंदवायची. त्या किल्लीनं गाडी सुरू झाली की कमाल वेग आपण ठरवू तेवढाच, बेल्ट लावेपर्यंत रेडिओ मुका, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायची मुभा नाही. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण मित्र नेमकं तेच बटण दाबायला सांगतात. शेवरोलेच्या बऱ्याच गाड्यांमध्ये टीन ड्रायव्हर नावाची अशीच व्यवस्था आहे. ती तर प्रवासाचं प्रगतिपुस्तकही देते. गाडीनं नाही म्हटलं की पोरं वाद घालत नाहीत. आमच्याशी घालतात.

मित्रांचा प्रश्न गाडी सोडवत नाही. न्यू जर्सीचा कायदा थोडा सोडवतो. सतराव्या वर्षी मिळणाऱ्या तात्पुरत्या लायसनवर पालक सोबत नसतील तर एकच प्रवासी, रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी बंद, फोन हातात नाही आणि हँड्सफ्रीही नाही, शिवाय नंबरप्लेटवर लाल पट्ट्या. त्या पट्ट्यांची पोरांना भयंकर लाज वाटते. मला त्या फार आवडतात. पण सिग्नलला शेजारी दुसरी गाडी येऊन इंजिन घुमवायला लागते तेव्हा कायदा तिथे नसतो. मस्टँगला अशी आमंत्रणं सिव्हिकपेक्षा कितीतरी जास्त येतात. त्यासाठी त्याला एक वाक्य पाठ करून दिलंय: ‘आई डॅशकॅम बघते.’ मित्रांपुढे नाक राखायला मुलाला निमित्त हवं असतं, ते आपण पुरवायचं. माझं नाव बदनाम झालं तर होऊ दे.

विम्याचं थोडक्यात: मुलाचं नाव पॉलिसीत या गाडीच्या चालकांत घाला. हप्ता वाढेल, डोळे पांढरे होतील इतका वाढेल. नाव लपवलं आणि काही झालं तर दावा अडकतो.

मध्ये पुण्याहून मामेभावाचा फोन आला. त्याचा मुलगाही सतराचा, आणि अठरा व्हायच्या आधीच घरात दणकट ऑटोमॅटिक यायची होती. ‘ताई, सोसायटीतच फिरवेल गं.’ मी त्याला १९ मे २०२४ची आठवण करून दिली. कल्याणीनगरात पहाटे, सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या पोर्शनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पुण्यात ती तारीख कोणाला सांगावी लागू नये, पण लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ला आलेलं १९९-अ कलमही वाचून दाखवलं: अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. आणि अठरानंतरचं काय? भारतात शिकाऊ लायसननंतर तीस दिवसांनी परीक्षा देऊन पक्कं लायसन मिळतं आणि त्याच रात्री चार मित्रांना घेऊन एक्स्प्रेसवेवर जायला कोणी अडवत नाही. इथे राज्य टप्प्याटप्प्यानं मोकळीक देतं, तिथे ते काम घरालाच करावं लागेल. पहिलं वर्ष एकच मित्र, रात्री नाही, पावसात पालक शेजारी. भाऊ म्हणाला, ‘ऐकणार नाही तो.’ मी म्हटलं, मग किल्ली कोणाच्या नावावर आहे?

आमच्याकडे मस्टँग आता डिसेंबर ते मार्च झाकून ठेवलेली असते, तेवढे महिने चिरंजीव सिव्हिक चालवतात. अठरा झाल्यावर लाल पट्ट्या निघतील, मायकी निघणार नाही असं मी आधीच सांगितलंय. सध्या सत्तर मैलांवर कुलूप आहे, त्याला पंचाहत्तर हवेत. राज्यात कुठेही पासष्टच्या वर मर्यादा नाही, मग पंचाहत्तर कशाला, हे मी विचारलं. ओव्हरटेक करायला, म्हणाला. कोणाला, ते अजून सांगितलेलं नाही.