काठवटीखालचं ओलं फडकं

किनवट तालुक्यात व्यवसायोपचाराच्या शिबिरांसाठी आणि घरभेटींसाठी मी बरीच वर्षं जाते आहे. पैनगंगेच्या काठचे बंजाऱ्यांचे तांडे, गोंडांचे गुडे, कोलामांचे पोड फिरताना जे हाती लागलं, त्यातलं थोडं.

१. आधी काम विचारा, मग हात तपासा.

लकवा मारलेल्या एका मावशींचा उजवा खांदा किती वर जातो, मूठ किती वळते, हे मी पाहत होते. मावशी कंटाळल्या. "हात वर नाही गेला तरी चालंल मॅडम, भाकर थापता आली पाहिजे बघा." मग उपचार काठवटीपासूनच सुरू झाला. ती सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. खाली बसणं जमत नव्हतं, म्हणून काठवट ओट्यावर चढली. डाव्या हाताने थापायचं आणि उजवा कडेला टेकून भाकरी फिरवायची. शहरात हाताच्या व्यायामाला रंगीत पुट्टी मिळते, पण ज्वारीचं पीठ तिच्याहून कडक मास्तर आहे. त्याला गव्हासारखा चिवटपणा नाही, त्यामुळे मळणं कमी पडलं किंवा दाब कमीजास्त झाला की कडेला भेग पडते. मला काही सांगावं लागत नाही. तव्याचं काम मात्र सुनेकडे दिलं. लकव्याच्या हाताला कधीकधी चटका कळत नाही, आणि फोड आल्यावरच घरच्यांच्या लक्षात येतं.

२. मोजपट्टी वापरा, पण तिच्याशेजारी कोरा कागद ठेवा.

आमच्या संशोधनात रोजची कामं माणसाला स्वतः किती जमतात ते मोजणारी बार्थेलची मोजपट्टी फार चालते. 1965 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली, एकूण 100 गुणांची. त्यात जिना चढण्याला 10 गुण आणि अंघोळीला 5. पोडावर जिना कुठून आणायचा? तिथे नाल्याची उतरण आहे, डोक्यावर घागर आहे, उकिडवं बसणं आहे, आणि यातल्या कशालाच गुण नाहीत. तरी मी ती पट्टी भरते, कारण दुसऱ्या गावच्या अभ्यासाशी तुलना करायची तर एक सामाईक माप लागतंच. शेजारच्या कागदावर माणसाला स्वतःला महत्त्वाची वाटणारी पाचेक कामं लिहिते, आणि प्रत्येक काम किती जमतं, त्यावर समाधान किती, याचे 10 पैकी गुण त्यालाच द्यायला लावते. ही पद्धत कॅनडातल्या व्यवसायोपचारतज्ज्ञांची. तिथे या रकान्यात काय लिहीत असतील ते असो, आमच्याकडे एका आजोबांनी लिहायला लावलं, 'तेंदूपत्त्याचा पुडा बांधणे'. पुडा सत्तर पानांचा. पानं मोजायची, एकावर एक लावायची, डाव्या मुठीत धरून उजव्याने गाठ मारायची. बोटांच्या बारीक हालचालींची याहून चांगली परीक्षा मला पुस्तकात सापडलेली नाही.

३. 'गळालेले रुग्ण' कुठे गेले ते पाहा.

अभ्यासाच्या तक्त्यात असा एक रकाना असतो, आणि वाचणारा त्यातून ढिलाई किंवा अज्ञान वाचतो. आमच्याकडे हा आकडा दिवाळीपासून फुगतो. तेव्हा कापसाची वेचणी असते, आणि तांड्यावरची कितीतरी घरं ऊसतोडीला निघून जातात. आईची मजुरी बुडवून आठवड्यातून दोनदा मुलाला उपचाराला घेऊन या, हा सल्ला कागदावरच शोभतो. म्हणून मी बाईला दोनच गोष्टी शिकवते, त्याही तिच्या कामात बसणाऱ्या: मुलाला कडेवर कसं घ्यायचं आणि जेवताना टेकू देऊन कसं बसवायचं.

४. मूल गप्प आहे म्हणजे त्याला कळत नाही, असं धरू नका.

मराठीतल्या प्रश्नांना उत्तर न देणारा तांड्यावरचा पोरगा आजीने गोरमाटीत विचारताच वस्तू उचलून देतो. गोंडी आणि कोलामी घरांतही हेच. आजीला सोबत बसवा.

५. टक्क्यांचं बोलणं टाळू नका.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने बऱ्याच सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. घरचे लोक अनेकदा प्रमाणपत्रासाठीच येतात, आणि त्यांना हसण्यासारखं त्यात काही नाही. पण एक पेच आहे. पोरगं सुधारलं तर टक्के जातील, या धास्तीने व्यायाम थांबवलेली घरं मी पाहिली आहेत. मी हे पहिल्याच भेटीत उघड बोलते. पंचाईत दोघांचीही होते, पण पुढचं काम सरळ चालतं.

६. कमलाबाईंची गोष्ट माहीत करून घ्या.

आमच्या परीक्षेत त्या एका सनापुरत्या येतात: 1950, मुंबईचं के. ई. एम. रुग्णालय, देशातलं व्यवसायोपचाराचं पहिलं विद्यालय. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. लग्नाने मराठी घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. 1952 साली व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. फलटणमध्ये त्यांचं नाव शाळेमुळे घेतलं जातं, कमला निंबकर बालभवनमुळे. आमच्या धंद्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, मला शंकाच आहे. नेमणुकीची जाहिरात निघत नाही, डॉक्टरसुद्धा आम्हाला मालीशवाले समजतात, तेव्हा शून्यातून विद्यालय काढणारी ही बाई मला उपयोगी पडते.

७. शिकायला यायचं तर हंगामात या.

विद्यार्थी पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा पाहायच्या बेताने येतात. मी त्यांना मार्च-एप्रिलमध्ये, मोहाच्या दिवसांत बोलावते. उन्हाची कुरकुर होते, पण पहाटे झाडाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाईची कंबर, गुडघे आणि बोटं एकदमच पाहायला मिळतात. आल्यावर वही बाजूला ठेवायची आणि पहिली टोपली स्वतः भरायची, हा माझा नियम आहे. दुपारी त्यांना कंबरदुखीवर व्याख्यान द्यावं लागत नाही.