हपुषा, अर्क आणि जिन : रसपरीक्षेच्या दृष्टीने

हपुषा आपल्या परिचयाची आहे ती उदर व गुल्म यांच्या चिकित्सेतून. बाजारात ‘हाऊबेर’ म्हणून मिळणारे हे फळ कटु-तिक्त, उष्णवीर्य व दीपन. गोव्यातील नाओ स्पिरिट्सने २०१७ साली ‘ग्रेटर दॅन’ ही जिन काढली आणि पुढे हिमालयातील हपुषेपासून केलेल्या दुसऱ्या जिनला ‘हपुसा’ असे नाव दिले. तिच्यात हळद, आले, वेलची, धने, आंबा, गोंधराज लिंबू इत्यादी द्रव्ये आहेत. साहजिकच रुग्ण विचारू लागतात, “वैद्यराज, तुमच्या काढ्यातलीच द्रव्ये ना ही?” या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर आपल्यापाशी असावे, यासाठी हे टिपण.

परीक्षा अशी करावी. अरुंद तोंडाच्या पेल्यात थोडी जिन घेऊन समभाग पाणी मिसळावे. ४३ टक्क्यांचे मद्य साधारण २१ टक्क्यांवर येते व नाकाला झोंबत नाही. पाण्याने किंचित गढूळपणा आल्यास तो सुगंधी तैलांचा समजावा, दोष नव्हे. प्रथम लिंबाचा गंध येतो, मग चिडाच्या राळेसारखा हपुषेचा, त्यामागून धने-वेलची. थेंब तळहातावर चोळून मद्यांश उडू द्यावा. मागे राहणारा गंध हा द्रव्यांचा खरा गंध. चव घेऊन थुंकावे.

आता मर्म पाहू. ऊर्ध्वपातनात केवळ उडणारा अंश वर येतो. हळदीचा गंध येतो, तिचा पिवळा रंग व तिक्त रस भांड्यातच राहतो. भातसानगरच्या परिसरातील हिरडा किंवा धायटीची फुले भांड्यात घातली, तरी त्यांचा कषाय रस पेल्यात उतरणार नाही. म्हणजे जिन ही अर्काची बहीण, आसवाची नव्हे. आसवारिष्टांत द्रव्याचा विद्राव्य अंश मद्यांशासह राहतो, व तो मद्यांशही बहुधा ५ ते १० टक्केच असतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसवे सांगितली, ती मात्रा व अवस्था पाहून देण्यासाठी. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध आहेत, हेही त्यांनीच मदात्यय प्रकरणात सांगितले आहे. चार वनस्पतींच्या गंधाने तो विरोध नाहीसा होत नाही. गर्भिणी, यकृद्विकारी व पित्तप्रधान रुग्णांना तर स्पष्ट नकारच द्यावा.

शहापूर-मुरबाडच्या रानात मोह विपुल आहे. हपुषा सह्याद्रीत होत नाही. मोहाच्या फुलांचे ऊर्ध्वपातन कितीही सुगंधी झाले तरी हपुषेवाचून त्यास जिन म्हणता येणार नाही. मोहाचा शास्त्रीय उपयोग हवा असल्यास ग्रहणी प्रकरणातील मधूकासव आहेच. उत्साहाने कोणी घरीच भट्टी लावू पाहील, तर दोन गोष्टी सांगाव्यात. परवान्याविना मद्य गाळणे हा गुन्हा आहे. शिवाय मिथेनॉल जिभेला व नाकाला ओळखता येत नाही. इथे रसपरीक्षा निरुपयोगी ठरते, प्रयोगशाळाच हवी.

औषधालयचालकांनी मात्र हीच गंधपरीक्षा हाऊबेर खरेदी करताना जरूर वापरावी. फळ चिरडताच राळेचा तीव्र गंध न आल्यास माल जुना अथवा भेसळीचा असण्याचा संभव असतो. जुनिपर कुळातील काही जाती विषारी आहेत, म्हणून जातीची खात्री पटल्याखेरीज माल घेऊ नये.