चढणीचा मासा : नदीचे बियाणे राखू या



मृगाचे दोन-चार दमदार पाऊस झाले आणि ओढ्यांना गढूळ पाणी आले, की मंद्रूप परिसरात एक ठरलेले दृश्य दिसते. सीना आणि भीमेला मिळणाऱ्या ओढ्यांवर पोरेथोरे जाळी, टोपल्या, प्रसंगी जुनी मच्छरदाणी घेऊन धावतात. प्रवाहाच्या उलट चढणारा मासा हाताने धरावा इतका सोपा सापडतो. यालाच आपण चढणीचे मासे म्हणतो. गेल्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकानेही रस्त्याच्या कडेला असा एक मासा घेतला. घरी कापला तेव्हा पोट अंड्यांनी गच्च भरलेले होते. पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याची भाकरी करून खावी, तसा तो प्रकार झाला. पीकशास्त्र शिकविणाऱ्याला ही चूक उशिरा कळली, म्हणूनच हा विषय येथे घेतला आहे.

मासा का चढतो?

युरोप-अमेरिकेतील सामन हा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढतो, हे आपण वाचले असेल. आपले नदीतले मासे समुद्रात जात नाहीत. पण पहिल्या पुराबरोबर तेही उथळ, ताज्या पाण्याकडे चढतात. रोहू, कटला, मृगळ यांची अंडी वाहत्या पुराच्या पाण्यात पडतात. साचलेल्या तळ्यात हे मासे सहसा आपोआप अंडी घालत नाहीत. म्हणूनच १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात मस्तिष्क ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन मिळवलेले यश एवढे मोलाचे ठरले. आज मत्स्यबीज केंद्रांतील बोटुकली त्याच वाटेने तयार होते.

एक किलो वजनाच्या रोहू मादीच्या पोटात सुमारे दोन लाख अंडी असतात. त्यांतील फारच थोडी मोठ्या माशापर्यंत पोहोचतात, हे खरे. परंतु अंडी घालण्याआधीच मादी पकडली तर ती थोडीही उरत नाहीत. चार दिवस थांबून तीच मादी धरली, तर वजनात किंचित घट येईल. पण नदीची पेरणी झालेली असेल.

मरळीची गोष्ट आणखी वेगळी आहे. या माशाचे नर-मादी पिलांची राखण करतात. पाण्यावर तांबूस-नारिंगी पिलांचा पुंजका दिसला, की खाली आईबाप असतात, हे जाणत्या गळकऱ्याला ठाऊक असते. त्या वेळी गळ टाकून मोठा मासा काढला, तर सगळा पुंजका दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

कोणत्या पद्धती घातक?

१) सुरुंग : आपल्याकडे विहीर खोदताना जिलेटिनच्या कांड्या वापरतात. त्यातील एखादी डोहात टाकली जाते. मेलेले बरेचसे मासे तळाशी बसतात आणि हाती थोडेच लागतात. अंडी, पिले आणि त्यांचे खाद्य मात्र सर्व नष्ट होते. हात गमावण्याचा धोका वेगळाच.

२) विष : शेराचा चीक, गेळफळ ही जुनी विषे, आता त्यांच्या जागी ब्लीचिंग पावडर आणि कीटकनाशके आली आहेत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यंत विषारी असतात. हेच पाणी खालच्या गावची जनावरे पितात आणि हा मासा कोणाच्या तरी ताटात जातो.

३) वीज : तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडणे. यात लहानमोठा असा भेद राहत नाही, आणि पाण्यात उतरलेला माणूसही वाचत नाही.

४) बारीक आसाचे जाळे : बोटभर पिलूही सुटत नाही असे ओढजाळे किंवा मच्छरदाणीचे कापड.

५) वाट अडविणे : कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे काढल्यावर त्या मोकळ्या गाळ्यांत जाळी किंवा बांबूचे सापळे रोवून संपूर्ण प्रवाह बंद करणे.

आसाचा हिशेब

जाळ्याच्या एका डोळ्याला आस म्हणतात. आस मोठा ठेवण्यात दयेपेक्षा हिशेब अधिक आहे. समजा, शंभर ग्रॅमचे दहा मासे आज धरले. वजन झाले एक किलो. तेच वर्षभर सोडले, त्यातील निम्मे मेले आणि उरलेले पाच प्रत्येकी सातशे ग्रॅमचे झाले, तरी साडेतीन किलो माल मिळतो. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भावही चांगला मिळतो. ज्वारीचे कणीस हुरड्यापूर्वीच कापणारा शेतकरी आपण पाहिला आहे काय?

कायदा काय सांगतो?

१८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने मासे मारण्यासाठी पाण्यात स्फोटके वापरणे आणि विष कालविणे हे गुन्हे ठरविले. जाळ्याचा प्रकार व आस, प्रवाहातील रोवलेले सापळे आणि बांध यांवर नियम करण्याचा, तसेच ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकारही त्याने शासनाला दिला. महाराष्ट्रासाठी पुढे १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आला. आकडा टाकणे ही २००३ च्या विद्युत अधिनियमाखाली वीजचोरी आहे. जाळ्यात कासव आले तर ते जिवंत सोडावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा विसर पडू देऊ नये. मांसाहारी आफ्रिकन मांगूर पाळण्यास केंद्र शासनाने २००० सालीच बंदी घातली आहे. तो नदीत सोडणे म्हणजे मेंढरांत लांडगा सोडण्यासारखे आहे.

तथापि मूळ १८९७ च्या कायद्यातील शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड एवढीच होती. डोहावर रात्री पहारा ठेवायला कोणताही कायदा येत नाही. त्यातच भीमेचा एक काठ आपला, तर दुसरा कर्नाटकाचा. मासा ही हद्द ओळखत नाही. म्हणून काठावरच्या गावांचे एकमत हाच खरा बंदोबस्त.

डोह राखण्याची परंपरा

ही कल्पना परकी नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई आहे. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथे देवाचे म्हणून मासे राखले जातात. तेथे आजही महाशीर दिसतो. हा महाशीर मूळचा आपल्याच भीमा खोऱ्यातील. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन करताना त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले, ते शास्त्रात अजून टिकून आहे. स्कॉटलंडमध्ये रविवारी सामन धरण्यास बंदी असते. आपल्या समुद्रातही यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. मग ओढ्याला चार दिवसांची सुट्टी का नसावी?

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. ज्या भोई-कोळी कुटुंबांची चूल जाळ्यावर पेटते, त्यांनी त्या दिवसांत काय खावे? सुरुंग आणि वीज वापरणारा बहुधा हौशी असतो. डोह मेल्यावर तो घरी जातो, आणि वर्षभर रिकामे जाळे ओढतो तो व्यवसाय करणारा. त्यामुळे नियम करताना मच्छिमार संस्थेला पहिले स्थान द्यावे. मोठ्या आसाच्या जाळ्याने मुख्य पात्रात त्यांचे काम चालू राहावे. पहिल्या पुरात फक्त चढणीचे ओढे आणि बंधाऱ्याचे गाळे सर्वांनीच सोडावेत.

आपण काय करावे?

• पहिल्या मोठ्या पुरानंतर किमान आठ-दहा दिवस ओढ्यात चढणारा मासा धरू नये, विकत घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल तर माल येणार नाही.
• उजनीचे पाणी बंद झाल्यावर औज, चिंचपूर बंधाऱ्यांच्या परिसरात जे डोह उरतात, त्यांतील एक तरी खोल डोह ग्रामसभेच्या ठरावाने राखावा. पुढच्या वर्षीच्या माद्या तेथेच जगतात.
• बंधाऱ्याचा किमान निम्मा प्रवाह नेहमी मोकळा ठेवावा.
• फवारणी पंप नदीत किंवा ओढ्यात धुऊ नये; रिकाम्या बाटल्या पाण्यात टाकू नयेत.
• विहिरीच्या कामावरील जिलेटिनच्या कांड्या मोजून घ्याव्यात, उरलेल्या ठेकेदाराकडे मोजून परत कराव्यात.
• सुरुंग, विष किंवा वीज वापरल्याचे दिसल्यास पाण्यात उतरू नये; पोलीस पाटील आणि सोलापूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे.

बंधूंनो, बांधावरचे झाड कोणी तोडले तर आपण भांडतो, कारण ते आपले असते. नदीतला मासा कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही, म्हणून तो राखायचा कोणी हा प्रश्न पडतो. येत्या पावसाळ्यात गढूळ पाण्यात पोटाने जड झालेली एखादी मादी हाती लागली, तर तिला तशीच पाण्यात सोडा. तेवढी पेरणी आपल्या हातून झाली, असे समजा.