अनुक्रमणिका लावताना

अगं, दिवाळी अंकाची अनुक्रमणिका गळ्यात पडली म्हणून एवढी धास्ती कशाला? स्टॉलवर अंक चाळणारा माणूस मुखपृष्ठ उलटलं की तेच पान बघतो आणि घ्यायचा की नाही ते ठरवतो. म्हणून एवढंच पक्कं कर, हे पान सजवण्यासाठी नाही, शोधण्यासाठी आहे.

लगेच फोटोशॉप उघडू नकोस. आधी वहीत पेन्सिलनं मांडून बघ. सगळ्या मजकुराला सारखा मान द्यायला गेलीस तर काहीच उठून दिसणार नाही. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखावरचा लेख, नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या, डिंभे धरणात गाव गेलेल्यांच्या आठवणी, हे तीन मोठ्या अक्षरात घे. बाकीच्या कथा-कविता विभागवार, ओळीनं. एखादा कवी रुसेल. त्याची समजूत संपादक काढतील.

फोटोसाठी शिवनेरीच हवा असं नाही. तटबंदीवर अक्षरं ठेवलीस की ती दिसत नाहीत, मग तू त्यांना सावली देणार, कडा देणार आणि पान आणखी गिचमिड होणार. त्यापेक्षा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची ४५ मीटर व्यासाची तबकडी खाली कोपऱ्यात आणि वर मोकळं आभाळ, असा फोटो शोध. त्या आभाळात मजकूर आरामात बसेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, तो नको. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंचांपलीकडे ताणू नये. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग.

अंक ए-फोर असेल तर पान २१० बाय २९७ मिलिमीटर, शिवाय चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे; स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मंद उतरतो. बारीक अक्षरं निव्वळ काळ्या शाईत ठेव. चार शायांचा काळा केलास आणि छपाईत रंग केसभर सरकला, तर अक्षरांना रंगीत कड येते.

जोडाक्षरं तुटली किंवा वेलांटी भलतीकडे गेली तर घाबरू नकोस. टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ दिसलं तर ते निवड. जुन्या आवृत्तीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असतं. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घे. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार. म्हणून ओळींमध्ये जरा सढळ जागा सोड.

पानांचे आकडे अगदी शेवटी टाक. पतसंस्थेची जाहिरात ऐनवेळी येते आणि पुढची सगळी पानं सरकतात. फाइल पीडीएफ करून दे, अक्षरांचे लेअर रास्टराइज न करता, म्हणजे त्यांचं चित्र न करता.

त्याआधी एक प्रिंट काढून घरातल्या अप्पांच्या हातात दे आणि म्हण, “नाणेघाटाचं पान काढा बरं.” त्यांना ते पटकन सापडलं नाही, तर दोष चष्म्याला देऊ नकोस; मांडणी बदल.