मानेचा रिपोर्ट

हजीरा, सुरत

चि. मुक्तास,


तू सुरतेतच स्कॅन सेंटर धरलंस हे ताईने कळवलं, आनंद झाला. तोंडाच्या कॅन्सरचे सीटी रोज येतात आणि मानेबद्दल किती ठामपणे लिहावं हे उमगत नाही, असं तू विचारलंस. फोनवर ते अर्धवट राहिलं असतं, म्हणून पत्र.

आधी पेशंट कोण ते बघ. आमच्या हजीऱ्याच्या पट्ट्यात, कृभकोपासून पोलादाच्या कारखान्यापर्यंत आणि पुढे बंदरापर्यंत, ठेकेदारांच्या हाताखाली नंदुरबार-धुळ्याकडची, ओडिशाची, बिहारची माणसं राबतात. गुजरातेत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून केलेला मावा काही थांबलेला नाही. पाळी संपेपर्यंत तो गालात दाबून ठेवायचा. त्यामुळे तुझ्या टेबलावर येणारा कॅन्सर बहुधा गाल आणि हिरडी यांच्या खाचेतला असतो. साध्या सीटीत गाल हिरडीला चिकटलेला राहतो आणि लहान गाठ लपते. पेशंटला गाल फुगवून धरायला सांग. भाषेची अडचण आली तर तूच फुगवून दाखव. तो हसेल, पण स्कॅन चांगला येईल.

आता मान. कवटीच्या तळापासून गळपट्टीच्या हाडापर्यंत सगळी बघ आणि गाठ कोणत्या बाजूला, कोणत्या लेव्हलला, हे लिही. गालाचा कॅन्सर आधी जबड्याखाली, म्हणजे लेव्हल एक-बीला उतरतो, मग दोनला. ‘मानेत काही गाठी दिसतात’ हे वाक्य सर्जनच्या काहीच उपयोगाचं नाही.

मापाची पट्टी तुला पाठ असेलच: आडवा लहान व्यास १० मिलिमीटर, लेव्हल दोनला ११. ती पट्टी उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. आपल्याकडच्या तोंडांत किडके दात इतके की जबड्याखाली अवधाण आलेलं असतंच. निरोगी गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी चपटी असते आणि तिच्या खाचेत चरबी दिसते. १३ मिलिमीटरची अशी गाठ मला घाबरवत नाही. ७ मिलिमीटरची गोल गाठ, मध्ये काळी पडलेली, ती घाबरवते. मात्र मध्यभाग सडलेली गाठ आपल्या देशात टीबीचीही असू शकते, म्हणून छातीच्या वरच्या कापांवर एक नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. शंका उरली तर तिथल्या तिथे सोनोग्राफीखाली सुई घालून नमुना घे. मोठ्या मशीनच्या मोहात आपण या स्वस्त तपासणीला फार हलकं लेखतो.

गाठीच्या कडा विस्कटलेल्या दिसल्या, आजूबाजूच्या चरबीत रेषा दिसल्या, तर तेही लिही, पण निकाल देऊ नकोस. कॅन्सरच्या पायऱ्या ठरवणाऱ्या एजेसीसीच्या, २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत कॅन्सर गाठीचं कवच फोडून उघडपणे बाहेर आला की मानेची पायरी थेट एन-३बीला जाते. मात्र ती पायरी ठरवायला डॉक्टरच्या हाताला लागणारा पुरावा हवा, नुसतं चित्र पुरत नाही.

खरी परीक्षा मान स्वच्छ दिसते तेव्हा असते. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला, तो तू वाचला असशीलच. तोंडाचा सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर आणि मानेत काही लागत नाही, असे ५०० पेशंट. अर्ध्यांची मान तोंडाबरोबरच साफ केली, उरलेल्यांची गाठ उगवली तरच. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५. पहिल्या गटातल्या ज्या माना वरून निर्दोष वाटल्या होत्या, त्यांतल्या जवळजवळ तीस टक्क्यांत पॅथॉलॉजिस्टला कॅन्सर सापडला. अभ्यासातल्या बहुतेकांचा कॅन्सर जिभेचा होता हे खरं, तेव्हा गालाच्या पेशंटला तो आकडा जसाच्या तसा लावू नकोस. पण दोन-तीन मिलिमीटरचा कॅन्सरचा कण सीटीत दिसत नाही, एमआरआयमध्ये नाही आणि पेट स्कॅनमध्येही नाही, हे जीभ असो की गाल, सारखंच.

म्हणून ‘मानेत प्रसार नाही’ असं कधी लिहू नकोस. ‘या तपासणीत संशयास्पद गाठ दिसत नाही’ एवढंच लिही. तुला हा शब्दांचा कीस वाटेल, पण त्यावर माणसाची मान साफ करायची की वाट बघायची हे ठरतं. वाट बघणं हे दर महिन्या-दोन महिन्याला येणाऱ्या पेशंटसाठी असतं. ठेका संपला की आमचा कामगार गंजामला नाहीतर शहाद्याला निघून जातो, आणि परत येतो तेव्हा गाठ लिंबाएवढी झालेली असते. तो कुठला, परत येण्यासारखा आहे का, हे तपासणीआधीच त्याला विचार आणि सर्जनला फोनवर सांग. रिपोर्टमध्ये त्याला रकाना नाही.

पेटबद्दल थोडंसं. प्रत्येक पेशंटला तो करायला सांगू नकोस, घरचे त्यासाठी दागिने मोडतात. मूळ जागा सापडत नसेल तर किंवा केमो-रेडिएशननंतर तो पैसे वसूल करतो. ब्रिटनच्या पेट-नेक अभ्यासात (२०१६) ५६४ पेशंट होते. उपचारानंतर १२ आठवड्यांनी पेट बघून निर्णय घेतलेल्या गटात मानेच्या फक्त ५४ शस्त्रक्रिया झाल्या, सरसकट करायच्या गटात २२१, आणि जगण्यात पेटचा गट मागे पडला नाही. मात्र ते पेशंट मुख्यतः घशाच्या कॅन्सरचे होते. आणि १२ आठवड्यांच्या आधी घाई केलीस तर रेडिएशनची सूजच चमकते.

शेवटचं काम सांगतो, कंटाळवाणं आहे. तू रिपोर्ट दिलेल्या पेशंटचं ऑपरेशन झालं की पॅथॉलॉजीचा कागद मागवून घे आणि लेव्हलवार आपल्या रिपोर्टशी ताडून बघ. सर्जन आपणहून पाठवणार नाहीत. ओपीडी संपायच्या वेळी स्वतः जाऊन माग, संकोच करू नकोस.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा